फिट-अनफिटचा कागद

(कार्यकर्त्यांच्या एका शिबिरात केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलणाऱ्या मैत्रिणीची नर्सिंग शिकण्या-शिकवण्यात चाळीस वर्षं गेली.)



मी बसूनच बोलणार आहे. माईक खाली घ्यावा लागला, पण त्याला इलाज नाही. मी दोन वर्षांची असताना माझा उजवा पाय पोलिओने गेला. कॅलिपर लावून दहा-पंधरा मिनिटं मी उभी राहू शकते. त्यापुढे माझी कंबर बोलायला लागते, आणि कंबर जे बोलते ते ऐकण्यासारखं नसतं.

तुमच्या पत्रात विषय होता 'अपंग मुली आणि शिक्षण'. तो फार मोठा आहे. मी त्यातल्या नर्सिंगपुरतंच बोलणार, कारण मला तेवढंच नीट माहीत आहे. १९८१ साली मी नर्सिंग शिकायला गेले आणि २०२१ साली ट्यूटर म्हणून निवृत्त झाले. दुसरंही एक कारण आहे. दहावी-बारावी झालेली, घरची गरीब, गावाकडची मुलगी लवकरात लवकर कमावती व्हायची असेल तर तिच्यासमोर जे दोन-तीन रस्ते असतात, त्यातला नर्सिंग हा एक. आपण म्हणतो ना, मुलीने स्वतःच्या पायावर उभं राहावं! आपल्या चळवळीचं हे लाडकं वाक्य आहे. मी ते ऐकलं की मनातल्या मनात हसते. राग येत नाही, पण हसू येतं.

आणि हो, मी 'अपंग' म्हणते. २०१५ नंतर सरकारने 'दिव्यांग' शब्द आणला. ज्यांना तो आवडतो त्यांनी जरूर वापरावा. माझ्या पायात दिव्य काही नाही, आणि जिना चढायचा असला की शब्द बदलून पायऱ्या कमी होत नाहीत.

तर १९८१. निवड समितीसमोर मला सांगितलं, चालून दाखव. मी खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालून दाखवलं. मग पाण्याने भरलेली बादली उचलून न्यायला सांगितली. तीही नेली. समितीतल्या कोणीही मला विचारलं नाही की ताप किती अंशांवर गेला की तू घाबरशील, किंवा तुला रात्री रडणाऱ्या माणसाजवळ बसता येईल का. बादली नेता आली म्हणून मी नर्स झाले.

पहिल्या वर्षाला वॉर्डात सात-आठ तास उभं राहायचं. रात्री होस्टेलवर येऊन कॅलिपर काढला की पट्ट्याखालची कातडी सोललेली असायची. मी एकदा हिय्या करून मेट्रनबाईंकडे गेले आणि म्हणाले, औषधं भरताना, चार्ट लिहिताना बसायला एक स्टूल मिळालं तर बरं होईल. त्या वाईट बाई नव्हत्या. स्वतः तीस वर्षं उभ्या राहिलेल्या होत्या. त्या म्हणाल्या, "सिस्टर बसलेली दिसली की पेशंटला वाटतं ती काम करत नाही." मी परत आले. माझ्या वॉर्डातल्या मावशींनी मात्र दुसऱ्या दिवशी ड्रेसिंग रूमच्या दाराआड एक पत्र्याचा डबा उलटा घालून ठेवला. त्या डब्यावर बसून मी तीन वर्षं चार्ट लिहिले. कोणी आलं की उठायचं.

ही गोष्ट मी पुष्कळ ठिकाणी गमतीने सांगते. पण त्यात एक गोम आहे. स्टूल मला हवं होतं माझ्या पायासाठी. पण वॉर्डातल्या कुठल्या नर्सला ते नको होतं? गरोदर असलेली, पाळी आलेली, पन्नाशीची, गुडघे गेलेली, सगळ्याजणी उभ्या. केरळमध्ये कापडाच्या दुकानांत काम करणाऱ्या बायकांनी बसण्याच्या हक्कासाठी लढा दिला आणि २०१८ साली तिथला दुकानांचा कायदा बदलून घेतला. तामिळनाडूने २०२१ साली तसाच बदल केला. दुकानातल्या बाईला हे मिळालं, पण रुग्णालयातल्या बाईसाठी आपण कधी मागितलं? तेव्हा अपंग विद्यार्थिनीला काय सवलत द्यायची असा प्रश्न आला, तर आधी हे पाहावं की तिला हवं आहे ते सगळ्यांनाच हवं तर नाही ना. निम्म्या वेळा तसंच निघतं. एकटीने पेशंट उचलू शकत नाही म्हणून मला कमी मार्क पडले. आता मी विद्यार्थिनींना शिकवते की एकटीने पेशंट उचलायचाच नसतो. दोघीजणी लागतात, खाली चादर घालून सरकवायचं असतं. नाहीतर पाठ जाते. किती नर्सेसच्या पाठी गेल्या ते मी पाहिलं आहे, आणि त्या सगळ्या धडधाकट होत्या.

प्रत्येक नर्सिंग स्कूलमध्ये दिवा लावून शपथ घेतात. दिवा फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा. ही बाई क्रिमियाच्या युद्धाहून आजार घेऊन आली. १८५७ नंतर अनेक वर्षं ती बहुतेक काळ आपल्या खोलीत, बिछान्यावर पडून होती. तिच्या नावाने १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात स्कूल सुरू झालं तेव्हाही ती आजारीच होती. हिंदुस्थानातल्या लष्करी छावण्यांच्या आरोग्याबद्दल तिने जे ढीगभर लिहिलं ते इथे पाऊल न टाकता, घरात बसून लिहिलं. आज ती अर्ज घेऊन आली तर आपण तिला मेडिकल बोर्डाकडे पाठवू, आणि बोर्ड लिहील 'अनफिट'. दिवा तेवढा ठेवून घेऊ.

आता मला जे सांगायचं आहे त्याकडे येते. हे मी आजवर फारसं कुठे बोललेले नाही.

१९९८ साली मी एका स्कूलमध्ये ट्यूटर होते. नाव घेत नाही. पहिल्या वर्षाला एक मुलगी आली, कोरडवाहू भागातली, वडील शेतमजूर. लहानपणी दोन्ही कान वाहायचे, औषधपाणी झालं नाही, आणि ऐकू येणं बरंच कमी झालं. पण ओठ वाचण्यात इतकी पटाईत की मुलाखतीत कोणाला कळलं नाही. वर्गात पहिल्या बाकावर बसायची, माझ्या तोंडाकडे टक लावून. मला वाटायचं, काय लक्ष आहे पोरीचं! पहिल्या चाचणीत ती वर्गात दुसरी आली.

मग वॉर्ड सुरू झाला. वर्गातला आवाज समोरून येतो, वॉर्डातला चारी बाजूंनी. डॉक्टर राउंडला पेशंटकडे तोंड करून, नर्सकडे पाठ करून ऑर्डर सांगतात. मागच्या कॉटवरचा म्हातारा "सिस्टर" म्हणून हाक मारतो. ही मुलगी शेजारणीच्या वहीत पाहून लिहायची. गुंगी वाटते तशी वागते अशी तक्रार आली. मग एके दिवशी मी बीपीचे चार्ट तपासत होते. १२०/८०, ११०/८०, १३४/८०, ९८/८०. खालचा आकडा सगळीकडे ८०.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. वरचा आकडा नाडीवर बोट ठेवूनही काढता येतो. नाडी कुठे गायब होते ते बोटाला कळतं. खालचा आकडा मात्र स्टेथोस्कोप कानाला लावून ऐकावा लागतो. तिने वरचा आकडा बोटाने बरोबर काढला होता. मी परत घेऊन पाहिला, अगदी बरोबर होता. खालचा तिने मनाने लिहिला.

मी तिला बाजूला घेतलं. तिने सगळं सांगितलं. रडली नाही. म्हणाली, "मॅडम, सांगितलं असतं तर घेतलं असतं का मला?"

मी वर कळवलं. कळवायलाच हवं होतं, याबद्दल माझ्या मनात आजही शंका नाही. चुकीचा आकडा लिहिला तर पेशंटच्या जिवाशी खेळ होतो. अपंग मुलीची बाजू घ्यायची म्हणून हे खोटं बोलून चालणार नाही. पण त्यानंतर जे झालं ते वेगळं आहे. कानाच्या डॉक्टरांचा कागद आला. बैठक झाली, वीस मिनिटांत संपली. तिला कानाचं मशीन लावून किती ऐकू येतं हे कोणी तपासलं नाही. आवाज मोठा करणारे स्टेथोस्कोप असतात का, हे कोणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही. कागदावर 'वैद्यकीयदृष्ट्या अपात्र' असं लिहिलं होतं आणि खाली वर्गाच्या ट्यूटरची सही हवी होती. मी सही केली.

वडील न्यायला आले. पत्र्याची ट्रंक डोक्यावर घेतली. जाताना त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे नाही, माझ्या कॅलिपरकडे पाहिलं आणि म्हणाले, "बाई, तुमाला तर कळाया पायजे होतं." एवढंच. मग दोघं एसटी स्टँडकडे गेले.

त्याच आठवड्यात मी बाकीच्या मुलींचेही चार्ट काढून पाहिले. आणखी तिघींच्या कागदावर ठिकठिकाणी ८० होते. त्यांना चांगलं ऐकू येत होतं, नुसता कंटाळा केला होता. त्यांना मी ओरडले. एकीलाही घरी पाठवलं नाही.

ही गोष्ट मला कायद्याच्या पुस्तकाआधी समजली, म्हणून आधी सांगितली. ती मुलगी ऐकू कमी येत होतं म्हणून धोकादायक झाली नाही. लपवावं लागलं म्हणून झाली. पहिल्याच दिवशी तिला म्हणता आलं असतं की मला डाव्या बाजूने ऐकू येत नाही, ऑर्डर लिहून द्या, बीपीचं मशीन वेगळं द्या, तर तिने ८० लिहिले नसते. दाराशीच 'फिट आहेस का' असं विचारणारी व्यवस्था असली की मुली एकच गोष्ट शिकतात, ती म्हणजे लपवणं. आणि नर्सने लपवायला शिकणं फार वाईट. पुढे तिची चूक झाली तर तीही ती लपवणार.

त्या सहीबद्दल मी पुढे पुष्कळ विचार केला. मला घेतलं आणि तिला काढलं, असं का? माझा पाय गेला होता आणि तिचा कान, एवढाच फरक. आणि हा फरक नियमांतही तसाच बसलेला आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमात अपंगांसाठी राखीव जागा आहेत. आधी ३ टक्के होत्या, आता ५ आहेत. पण त्या कोणासाठी? पायाचं, म्हणजे कमरेखालचं अपंगत्व असेल, आणि तेही ४० ते ५० टक्केच असेल, तर. ५० च्या वर गेलात तर जास्त अपंग, ४० च्या खाली असाल तर अपंगच नाही. हात नाही, कान नाही, डोळे नाहीत, मनाचा आजार नाही. बी.एस्सी. नर्सिंगचा नवा अभ्यासक्रम २०२१ साली राजपत्रात आला, त्यातही हे वाक्य तसंच राहिलं. मला वाटतं, हा नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर माझ्यासारखी पोलिओची मुलगी होती. बरोबर आहे, तेव्हा गावोगावी आम्हीच होतो. पण भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला, आणि २०१४ साली देश पोलिओमुक्त जाहीर झाला. म्हणजे ज्या मुलीसाठी ही जागा ठेवली आहे ती मुलगी आता जन्मालाच येत नाही. चांगलीच गोष्ट आहे. पण ज्या येतात त्यांच्यासाठी जागा नाही.

२०१६ सालचा अपंग व्यक्ती हक्क कायदा एकवीस प्रकारची अपंगत्वं मानतो. १९९५ च्या कायद्यात सातच होती. सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा ठेवायला तो सांगतो. त्यात एक कल्पना आहे, वाजवी सोयीची. म्हणजे त्या व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने काम करता यावं म्हणून आवश्यक तो बदल करून देणं, समोरच्यावर अवाजवी बोजा न टाकता. आणि अशी सोय नाकारणं हा भेदभाव आहे, असं कायदा स्पष्ट म्हणतो. लेखी परीक्षेत याचा थोडा उपयोग होऊ लागला आहे. लेखनिक मिळतो, तासाला वीस मिनिटं जास्त मिळतात. पण नर्सिंगची खरी परीक्षा कागदावर नसते. वॉर्डात सोय म्हणजे काय, हे कुठल्याही परिपत्रकात मला नीट सापडलेलं नाही. ते आम्हाला आमच्याच हाताने करून पाहावं लागलं.

ते कसं केलं ते सांगते.

२०१४ च्या सुमारास मी विदर्भातल्या एका स्कूलमध्ये होते. गडचिरोलीकडची एक आदिवासी मुलगी तिथे होती. वारंवार आजारी पडायची. रात्रपाळीनंतर हमखास. गुडघ्याला ओढणी करकचून बांधून ड्यूटी करायची. कोणी म्हणे नाटकी आहे, कोणी म्हणे हिला होस्टेलचं अन्न सोसत नाही. एका पहाटे ती लिननच्या खोलीत जमिनीवर मुटकुळं करून पडलेली सापडली, वेदनेने दात एकमेकांवर आपटत होते. तेव्हा कळलं, सिकलसेल. नुसती वाहक नाही, आजारच. घरच्यांना माहीत होतं. तिलाही माहीत होतं.

विदर्भातल्या मैत्रिणींना हा आजार सांगायला नको. लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि हाडं फुटल्यासारखी दुखतात. पाणी कमी पडलं, थंडी लागली, फार दमणूक झाली, ताप आला की हा झटका येतो. आता नर्सिंगची ड्यूटी डोळ्यांसमोर आणा. पाणी प्यायला वेळ नाही. लघवीला जाता येत नाही म्हणून मुली मुद्दाम पाणी पीत नाहीत. थंडगार ऑपरेशन थिएटर. लागोपाठ रात्री. सिकलसेलच्या मुलीला झटका यावा म्हणून कोणी वेळापत्रक आखलं असतं तर याहून वेगळं आखलं नसतं.

तिने लपवलं का? मी विचारलं. एक कारण नेहमीचं, काढून टाकतील. दुसरं कारण मात्र बाईचं कारण होतं. कागद काढला की सगळ्यांना कळणार आणि लग्न ठरणार नाही, म्हणून वडिलांनी घरातले तपासणीचे कागदच जाळले होते. पुढेही हे मी अनेक मुलींच्या बाबतीत पाहिलं. मुलाचा अपंगत्वाचा दाखला बाप धावपळ करून काढतो, नोकरीत उपयोग होईल म्हणून. मुलीचा काढत नाही. मग तिला कायदा काय देणार? कायदा दाखल्यापासून सुरू होतो.

नियमाची दुसरी अडचण हजेरीची. परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी लागते, गैरहजेरीचं कारण काहीही असो. आणि पदवी किंवा पदविका हातात पडण्याआधी प्रात्यक्षिकाची हजेरी शंभर टक्के भरावी लागते. हा नियम मला चूक वाटत नाही. तितके तास वॉर्डात गेल्याशिवाय नर्स तयार होत नाही. पण तास भरून कसे काढायचे, हे आपल्या हातात असतं. आमच्याकडे रिवाज असा होता की बुडालेल्या ड्यूट्या सुटीत सलग, एका दमात भरून घ्यायच्या. आजारातून उठलेल्या मुलीला बारा-बारा दिवस सलग ड्यूटी! ती परत पडणारच.

आम्ही काय केलं? फार काही नाही. तिची पाण्याची बाटली वॉर्डात नर्सेसच्या टेबलावर ठेवायची परवानगी दिली. यासाठी तीन इन्चार्ज सिस्टरांशी भांडावं लागलं, पण दिली. रात्रपाळ्या पूर्ण करायच्याच, पण लागोपाठ दोनच, मग खंड. बुडालेले तास चार-चार तासांनी, दोन महिन्यांत पसरून भरायचे. थिएटरमध्ये आत लोकरीची बनियन घालायची, तिला हवं तेव्हा दहा मिनिटं बाहेर येऊन बसायची मुभा. तिच्या बरोबरीच्या एका मुलीला, तिच्या संमतीने, झटक्याची लक्षणं सांगून ठेवली. आणि सगळं एका कागदावर लिहून तिच्या फाइलला लावलं, म्हणजे वॉर्ड बदलला की नव्या सिस्टरसमोर पुन्हा रडायला नको. खर्च झाला एका बनियनचा, तोही तिच्या मैत्रिणींनी वर्गणी काढून केला.

तिला त्यानंतरही दोनदा झटका आला. तिसऱ्या वर्षाला ती सहा महिने मागे पडली. पण पास झाली. आज ती एका उपकेंद्रावर आहे आणि शाळेतल्या पोरांची सिकलसेलची तपासणी करते. ती सांगत होती की बोटातून रक्त घेताना पोरं रडतात, आणि त्यांच्या आया विचारतात, "निघालं तर काय होईल?" यावर ती काय उत्तर देते ते तिने मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

सगळ्याच वेळी जमलं असं नाही. फिट्स येणाऱ्या एका मुलीला आम्ही थांबवू शकलो नाही. एकजण निराशेच्या आजारात होती, तिला आम्ही 'अभ्यास झेपत नाही' म्हणून समजावत बसलो आणि ती निघून गेली. दिसणारं अपंगत्व असलं की निदान भांडता येतं. न दिसणाऱ्याला लोक आळस म्हणतात, नखरे म्हणतात. बाईच्या दुखण्याला नखरे म्हणणं आपल्याला काही नवीन नाही.

आता आक्षेप येतो, आणि तो नेहमी एकच असतो. "मॅडम, पेशंटचं काय? कॅज्युअल्टीत पेशंट आला आणि हिला ऐकू आलं नाही तर?" प्रश्न खरा आहे, तो उडवून लावू नका. अमेरिकेत फ्रान्सिस डेव्हिस नावाच्या बाईंचा खटला झाला होता. त्यांना ऐकू कमी यायचं, त्या आधीच एका पातळीच्या नर्स होत्या आणि त्यांना पुढचं शिक्षण हवं होतं. कॉलेज म्हणालं, ऑपरेशनच्या वेळी सगळ्यांच्या तोंडाला मास्क असतो, ओठ कसे वाचणार? १९७९ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने कॉलेजच्या बाजूने निकाल दिला. मी तो निकाल वाचला तेव्हा मला माझी मुलगी आठवली. आणि २०२० मध्ये कोरोनात आम्ही सगळ्याजणी मास्कमध्ये गेलो तेव्हा पुन्हा आठवली. तेव्हा चांगले कान असलेल्यांनाही एकमेकींचं बोलणं कळेना. आम्ही काय केलं? पाटीवर लिहिलं, हातांच्या खुणा ठरवल्या, ऑर्डर मोठ्याने परत म्हणून घेतल्या. चार दिवसांत सगळं जमलं. सगळ्यांची गरज असली की सोय निघते. एकीची असली की ती मुलगी अनफिट.

बीपीचं आकडा दाखवणारं मशीन आज घराघरात आहे. आवाज वाढवणारा स्टेथोस्कोप बाजारात मिळतो. बाळाचे ठोके डॉपलर आकड्यात दाखवतो. आणि मुळात नर्सिंग म्हणजे नुसती कॅज्युअल्टी नव्हे. लसीकरण आहे, मनोरुग्णांचा वॉर्ड आहे, शाळा आहेत, शिकवणं आहे. वेल्लोरच्या डॉ. मेरी वर्गीस १९५४ साली अपघातात कमरेखाली लुळ्या झाल्या, आणि नंतर चाकाच्या खुर्चीत बसून कुष्ठरुग्णांच्या हातांच्या शस्त्रक्रिया करत राहिल्या. सर्जन बसून ऑपरेशन करू शकते आणि नर्सला चार्ट लिहायला बसता येत नाही!

मी असं म्हणत नाही की कोणालाही काहीही करता येतं. काही कामं काहीजणींना जमणार नाहीत. मला गुडघ्यावर बसून पेशंटची छाती दाबता येत नाही. पण कधी दाबायची, किती दाबायची, हे मला येतं, मी ते शेकडोंना शिकवलं आहे, आणि माझ्यासमोर कोणी चुकलं तर मी ओरडू शकते. तेव्हा प्रश्न असा विचारायला हवा की या मुलीला नेमकं कोणतं काम, कोणत्या साधनाने, कोणाच्या मदतीने जमतं. 'फिट की अनफिट' या प्रश्नाला उत्तर देणं सोपं असतं, म्हणून तोच विचारला जातो.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने अलीकडे हेच म्हटलं आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये ओंकार गोंड यांच्या खटल्यात न्यायालय म्हणालं, नुसता टक्केवारीचा आकडा पाहून विद्यार्थ्याला बाहेर काढता येणार नाही. त्याचं अपंगत्व त्या अभ्यासक्रमाच्या आड येतं का, हे बोर्डाने तपासायचं आणि कारणं लिहायची. त्यांचं अपंगत्व बोलण्याचं होतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये दुसऱ्या एका निकालात 'दोन्ही हात शाबूत' असण्याच्या अटीवर न्यायालयाने टीका केली. हे दोन्ही निकाल डॉक्टरीच्या शिक्षणाचे आहेत. नर्सिंगच्या मुली तिथपर्यंत पोचत नाहीत. वकिलाची फी परवडणारी मुलगी एसटीने ट्रंक घेऊन परत जात नाही. पण निकालातलं तत्त्व आपण नर्सिंगच्या बोर्डासमोर मांडू शकतो, आणि मांडायला हवं.

म्हणून मला तुमच्याकडून काय हवं ते सांगते आणि थांबते. तुमच्या केंद्रात हुंड्याच्या, मारहाणीच्या केसेस येतात, तशी एखादी मुलगी नर्सिंगमधून काढल्याचं सांगत आली तर तिला 'शिक्षणाचा प्रश्न आहे, आमच्याकडे नाही' असं म्हणू नका. तिच्याबरोबर मेडिकल बोर्डासमोर जा. एकटी मुलगी पांढऱ्या कोटांसमोर बोलू शकत नाही, हे आपल्याला बलात्काराच्या केसेसपासून माहीत आहे. 'अपात्र' लिहिलं तर कारण लेखी मागा. कोणतं काम जमत नाही, कोणती सोय करून पाहिली, हे लिहून मागा. पुण्याला अपंगांच्या राज्य आयुक्तांचं कार्यालय आहे, तिथे तक्रार करता येते, त्याला वकील लागत नाही. दाखला काढायला बाप नाही म्हणत असेल तर त्याच्याशी बोला. ते काम आपल्याला चांगलं येतं.

आणि आपल्या घरातलंही थोडं. या शिबिराची राहण्याची सोय दुसऱ्या मजल्यावर आहे. लिफ्ट नाही. काल रात्री मी बसून एकेक पायरी चढले. आयोजक मैत्रिणींना फार वाईट वाटलं, दोघीजणी रडल्या. मला रडणं नको होतं, तळमजल्यावर एक खोली हवी होती.

ज्यांच्या जिल्ह्यात नर्सिंग स्कूल किंवा कॉलेज आहे त्यांनी चहाच्या सुटीत मला भेटा. मी एक वही आणली आहे. कुठल्या कॉलेजात गेल्या पाच वर्षांत किती राखीव जागा भरल्या, किती रिकाम्या ठेवल्या आणि कोणाला काढलं, हे माहितीच्या अधिकारात विचारायचं आहे. अर्जाचा नमुना तयार आहे. नावं लिहून द्या.